फूल की दोन पानं?

 

मागच्या महिन्यात आपल्या गटांकडून आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न असा होता : मराठवाडा वेगळा झाला तर आपलं बरं होईल का? आणि त्याला एक शेपूट होतं : मला दोन्हीकडचं पटतं, मग मी कोणत्या बाजूची? हे शेपूट आम्हाला मूळ प्रश्नापेक्षा मोठं वाटलं. ज्यांचं मन ठरलेलं असतं त्यांच्यासाठी सभा असतात, भोंगे असतात, झेंडे असतात. ज्या बाईचं मन ठरत नाही तिच्याशी कुणी बोलत नाही. तिला म्हणतात, तुला काय कळतं, घरातले सांगतील तिकडे शिक्का मार. म्हणून आजचं बोलणं तिच्यासाठी. अमुक बाजू घ्या असं आम्ही सांगणार नाही. विचार कसा करायचा, एवढंच आपण मिळून बघू.

सोबत राहायचं की वेगळं व्हायचं, हा प्रश्न आपल्या कन्नडला नवा नाही. आपला घाट उतरला की चाळीसगाव. आज आपण बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला सहज उतरतो. पण १९४८ च्या आधी हा घाट म्हणजे दोन राज्यांची हद्द होती. वर निजामाचं राज्य, खाली इंग्रजांचा मुंबई इलाखा. वर हाली शिक्का चालायचा, खाली कलदार. सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळायचे. हद्दीवर करोडगिरीचे नाके असायचे, मालावर जकात भरावी लागायची. वरचा दरबारी कारभार उर्दूत, खालचा इंग्रजीत, आणि दोन्हीकडच्या घरात बोलणं मराठीच. सोबत असणं आणि वेगळं असणं म्हणजे काय, ते आपल्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर पाटी घेऊन पाहिलेलं आहे.

पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याआधी १९५३ मध्ये नागपूर करार झाला होता. पण एकेका मतदाराच्या हातात कागद देऊन, बाई, तुझं काय म्हणणं, असं कुणी विचारलं नव्हतं. पुढाऱ्यांनी ठरवलं, लोकांनी आंदोलनं केली, संसदेनं कायदा केला.

आपल्या शेजारी मात्र एकदा असा कागद खरोखर हातात आला. गोव्यात. १६ जानेवारी १९६७ ला.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांच्या हातून सुटला आणि केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३ मध्ये तिथे पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पक्षाचं म्हणणं, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. त्यांचं म्हणणं, गोवा वेगळाच राहावा. शेवटी संसदेनं कायदा करून ठरवलं की लोकांनाच विचारू. कुणी सत्तेचा दाब टाकू नये म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. फूल म्हणजे विलीनीकरण. दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं. तिसरं चित्र नव्हतं.

आता आपण डोळ्यासमोर एक बाई आणू. ही आम्ही मनानं उभी केलेली आहे, पण अशा हजारो होत्या. समजा ती फोंड्याकडची, कुळाच्या घरातली. राबते ती जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. राहते ते घरही त्याच्याच जागेत, म्हणून ती मुंडकार. भाटकारानं उठ म्हटलं तर उठायचं. ही फुलाकडे का झुकणार नाही? महाराष्ट्रात कूळकायदा झालेला. १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याला मालक ठरवलेलं. बांदोडकरांनी बहुजनांसाठी गावोगाव मराठी शाळा काढलेल्या, तिची पोरगी तिथे शिकू लागलेली. ती देवळात म्हणते ते भजन मराठी. भाटकारांपैकी बरेच जण दोन पानांकडे. तो ज्या बाजूला, त्याच्या उलट आपण, असा तिचा साधा हिशोब.

पण तीच बाई घरात बोलते कोकणी. गोवा महाराष्ट्रात गेला तर एक जिल्हा होणार. आज पणजीला जाऊन गाऱ्हाणं घालता येतं, उद्या मुंबई गाठावी लागणार. तिचा दीर माडावर चढून सूर काढणारा असला तर? महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, म्हणजे त्या घराची चूल कशावर पेटणार? आणि तीच दारू तिच्या नवऱ्यानं पिऊन घर बुडवलेलं असलं तर दारूबंदीच बरी वाटणार. एकाच घरात दोन्ही कारणं. मन ठरत नाही याचा अर्थ तिला कळत नव्हतं असा नाही. तिला दोन्हीकडचं कळत होतं, म्हणूनच तर ठरत नव्हतं.

गंमत बघा, प्रचारही सरळ रेषेत नव्हता. मराठी भाषा म्हणजे विलीनीकरण, असं कुणी समजेल. पण 'गोमन्तक' हे मराठी दैनिक फुलाच्या बाजूचं, आणि 'राष्ट्रमत' हे दैनिकही मराठीच, पण दोन पानांच्या बाजूनं लढणारं. भाषा तीच, मत वेगळं.

निकाल काय लागला? ३,८८,४३२ मतदार होते. त्यातल्या ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. म्हणजे शंभरातले जवळजवळ ८२. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. ह्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त, म्हणजे सतरा हजारांवर लोकांनी दुसरं चित्र निवडलं असतं, तर आज गोवा हा महाराष्ट्राचा जिल्हा असता. आणि ७,२७२ मतं बाद झाली होती, तीही लक्षात ठेवा. शिक्का नीट मारणं हीसुद्धा मतदाराची कामगिरी आहे.

आता ह्याच्या पुढची गोष्ट नीट ऐका. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. कोण जिंकलं? पुन्हा बांदोडकरांचा पक्षच. ज्यांचा विलीनीकरणाचा आग्रह लोकांनी जानेवारीत नाकारला, त्यांनाच लोकांनी मार्चमध्ये राज्य चालवायला दिलं. म्हणजे बांदोडकरांना मानणाऱ्या काही लोकांनी नक्कीच दोन पानांवर शिक्का मारला होता. त्यांनी मनात दोन प्रश्न वेगळे ठेवले. राज्य कुणी चालवावं, हा एक. आपलं घर कुठल्या दाराखाली असावं, हा दुसरा. भाऊ आपला, पण ह्या गोष्टीत भाऊचं ऐकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि भाऊसाहेबांनीही निकाल मानला. बायांनो, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. ज्याला आपण मानतो त्याचं प्रत्येक म्हणणं मानलंच पाहिजे, असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि आपल्या त्या कुळाच्या बाईचं काय झालं? फूल हरलं म्हणजे तिची जमीन गेली का? बांदोडकर १९७३ मध्ये वारले. त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. त्यांच्या काळात १९७५ ला मुंडकारांना घरातून हाकलण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९७६ ला कूळकायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळाला मालक मानलं गेलं. पुढे कोर्टकचेऱ्या पुष्कळ झाल्या, पण कायदा आला तो गोवा वेगळा असतानाच. म्हणजे जमिनीची भीती खरी होती, पण तिचं औषध विलीनीकरणातच होतं असं नाही. ते चांगलं सरकार निवडण्यातही होतं. पुढे ३० मे १९८७ ला गोवा पूर्ण राज्य झालं.

हे झालं आत जायचं की नाही ह्याचं. आता बाहेर पडण्याची एक गोष्ट, लांबची. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून ब्रिटन. हा देश १९७३ मध्ये युरोपातल्या देशांच्या संघात गेला होता. आपल्या प्रभागसंघासारखं समजा. प्रत्येकानं वर्गणी भरायची, नियम एक, माल एकमेकांकडे बिनजकात जायचा, माणसं कामाला कुठेही जायची. २३ जून २०१६ ला तिथे मतदान झालं, राहायचं की बाहेर पडायचं. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१ टक्के.

बाहेर पडा म्हणणाऱ्यांचंही काही खोटं नव्हतं. आमचे कायदे आम्ही करू, लांब बसलेले साहेब आमच्या गावचे नियम का ठरवतात, बाहेरून माणसं आली म्हणून मजुरी पडते, असं त्यांना वाटत होतं. हे आपल्यालाही समजण्यासारखं आहे. पण प्रचाराच्या एका लाल बसवर मोठा आकडा लिहिला होता : आम्ही दर आठवड्याला संघाला ३५ कोटी पौंड पाठवतो. हा आकडा अर्धा होता. ब्रिटनला मिळणारी सूट आणि संघाकडून परत येणारा पैसा त्यातून वजा केलेला नव्हता. आपल्या गटातली एखादी म्हणाली, वर्षभर मी इतकी बचत भरली, आणि तिनं घेतलेलं कर्ज सांगितलंच नाही, तर सचिवताई वहीत काय लिहील? तसंच हे.

दुसरं, राहायचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. रोजचंच होतं. बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं, ते त्या कागदावर नव्हतं. व्यापार कसा चालणार? आयर्लंडच्या हद्दीवर नाका बसणार का? ज्यांनी बाहेरचं मत दिलं त्यांच्या मनात दहा वेगवेगळी चित्रं होती. म्हणून मतदान एका दिवसात झालं, पण प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. त्यात तीन पंतप्रधान झाले.

आता ह्याला आपल्याकडचं मतदान ताडून बघा. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर आपल्याकडे बायांच्या मतदानाची सोय आहे. गावातल्या चार बायांमागे एकीची सही लागते, मग मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. इथे दोन्ही चित्रांचा अर्थ स्वच्छ आहे. आडवी जिंकली तर उद्या काय होणार, ते निरक्षर आजीलाही कळतं. आणि आणखी एक अट आहे. आलेल्या मतांचं बहुमत पुरत नाही, यादीतल्या अर्ध्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. म्हणून जी घरी बसली तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला पडतं. गोव्यात आणि ब्रिटनमध्ये तशी अट नव्हती, जितके आले त्यांच्यात ज्याला जास्त तो जिंकला. मतदानाला जाण्याआधी हा नियम कोणता आहे ते विचारा. मोजायचं माप आधी कळायला हवं, मग धान्य.

ह्या सगळ्यातून आम्ही पाच प्रश्न काढले आहेत. गटाच्या वहीत उतरवून घ्या.

पहिला : दुसऱ्या चित्रामागे नेमकं काय आहे? वेगळं होऊन कुठे जायचं, ते कुणी लिहून दिलंय का?

दुसरा : आज मला जे मिळतं त्यातलं काय सोबत असल्यामुळे मिळतं? घेतलेलं आणि दिलेलं, दोन्ही बाजू मांडा.

तिसरा : माझी तक्रार सोबत राहण्याची आहे की चालवणाऱ्याची? गटाची अध्यक्ष नीट वागत नसेल तर अध्यक्ष बदलता येते. गट मोडणं हा शेवटचा उपाय.

चौथा : चुकलं तर माघारी येता येईल का? गोव्यात दोन पानं निवडणाऱ्याला पुढे कधीतरी फुलाचा विचार करायला वाव होता. फूल निवडलं असतं तर परतीची वाट फार अवघड होती. मन अगदीच ठरत नसेल तर जिथून परत फिरता येतं ती वाट बरी. पण हा नियम आंधळेपणानं लावू नका. सासरी मार खाणाऱ्या बाईला, थांब, घर मोडलं तर परत जुळत नाही, असं सांगून लोकांनी किती जणींचं आयुष्य वाया घालवलं. सोबत राहण्याचं नुकसान रोजच होत असेल, तर थांबणं हीही एक किंमतच आहे. तीही हिशोबात धरा.

पाचवा : निकाल लागल्यावर मी ह्याच गल्लीत राहणार आहे ना? मग समोरच्या बाजूच्या बाईशी आज कसं बोलते आहे?

आता हेच प्रश्न मराठवाड्याला लावू. मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी वेगळ्या मराठवाड्याची भाषा केली, गदारोळ झाला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पण त्यामागची सल जुनी आहे. तिला आपण अनुशेष म्हणतो. सिंचन, रस्ते, कारखाने, नोकऱ्या यांत मागे राहिल्याची सल. दांडेकर समितीनं तो मोजला, १९९४ मध्ये मराठवाड्याचं विकास मंडळ आलं, आणि ३० एप्रिल २०२० ला त्या मंडळाची मुदत संपली. मुंबई लांब आहे हे खरं. कन्नडच्या बाईला मंत्रालय गाठायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते.

दुसऱ्या पारड्यात पाणी टाका. आपली शिवना गोदावरीलाच जाऊन मिळते. जायकवाडीच्या वरची मोठी धरणं नाशिक आणि नगरकडे आहेत. आज दोन्हीकडे एकच राज्य, म्हणून २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याचा आधार घेता येतो. जायकवाडीत साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावं, असं मागता येतं. तरीही दरवर्षी भांडण होतं. वेगळं झालो तर ते भांडण दोन राज्यांचं होईल. २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झालं, पण कृष्णेच्या पाण्यावरून आंध्राशी त्यांचा वाद मिटलेला नाही. पुन्हा मुंबई-पुण्याचा कर आज एका तिजोरीत येतो, उद्या आपली तिजोरी कशानं भरायची, हेही मांडावं लागेल.

म्हणजे उत्तर राहाच असं आहे का? तसं आम्ही म्हणत नाही. तिसरा प्रश्न तेवढा सारखा मनात ठेवा. जो अनुशेष आहे तो सोबत असल्यामुळे आहे, की आपण निवडून दिलेल्या माणसाला जाब विचारत नाही म्हणून? वेगळं राज्य झालं तरी हीच माणसं निवडून येणार असतील तर जाब विचारायची सवय आजच लावलेली बरी.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे नवं राज्य संसद करते. विधानसभेचं म्हणणं विचारलं जातं, पण ते बंधनकारक नसतं. आंध्रच्या विधानसभेनं नको म्हटलं, तरी तेलंगण झालं. त्यामुळे ह्या प्रश्नावर उद्या कुणी तुमच्या हातात फूल-पानांचा कागद देईलच असं नाही. पण खासदार निवडताना तुम्ही त्याचंच अर्धं उत्तर देत असता. उमेदवार दारात आला की पाण्याचं विचारा, तिजोरीचं विचारा, आकडा अर्धा सांगितला तर उरलेला अर्धा मागा.

मन ठरायला वेळ लागला तर लाजू नका. घाईनं ठरवणाऱ्याला शहाणं समजायची पद्धत आहे, पण धान्य घेताना आपण दोनदा पाखडतोच ना? फक्त पाखडता पाखडता दिवस मावळू देऊ नका. मतदानाच्या दिवशी मन थोडं एका बाजूला झुकलेलं असलं तरी पुरे. जा, पडद्याआड उभ्या राहा. तिथे नवरा नसतो, सासू नसते, पुढारी नसतो. तुम्ही कुठलं बटण दाबलं ते मशीन कुणाला सांगत नाही, आणि तुम्हीही कुणाला सांगायला बांधील नाही.

येत्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा. पाच प्रश्न वाचा. ज्या दोघींचं पटत नाही त्यांना शेजारी बसवा आणि प्रत्येकीला दुसरीची बाजू मांडायला सांगा. आपली बाजू सगळ्यांनाच येते. दुसरीची बाजू तिला पटेल अशी मांडता आली, की समजा विचार पिकला. काय निघालं ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी तेही ऐकवू.